दिवटीच्या उजेडातला गोंधळ कॅमकॉर्डरवर नीट कसा घ्यावा?

तेरणाकाठ
मंडळी, तुळजापूरजवळच्या एका गावात जुन्या वाड्याच्या चौकात लग्नानंतरचा गोंधळ आहे. रात्री दहाला पूजेचा चौक मांडणार, पहाटे आरतीनं संपणार. अख्खा गोंधळ चित्रित करायचाय. घरच्यांची आणि गोंधळी मंडळींची संमती आहे.

कॅमेरा सोनी एनएक्स १००, सोबत ट्रायपॉड. उजेड म्हणाल तर एक दिवटी (हातातली तेलाची मशाल), घटापाशी समया आणि ढाळजेत (दरवाज्यालगतच्या पडवीत) दोन एलईडी बल्ब. ऑटोवर चाचणी घेतली तर अंधारात सगळ्या मुंग्या (चित्रातले वळवळणारे दाणे) दिसतात, दिवटी समोर आली की चेहरे काळे पडतात आणि फोकस सारखा मागेपुढे होतो. मोठे फ्लडलाइट लावायचे नाहीत, एवढी एकच अट. गोंधळ दिवटीच्या उजेडातलाच वाटला पाहिजे. काय काय जमवावं लागेल?

मांजरथडी
फ्लडलाइट नाही म्हणता, पण हजार वॅटचा एक हॅलोजन पांढऱ्या भिंतीवर मारून घ्या. परतून येणारा उजेड मऊ असतो आणि मुंग्या निम्म्यानं कमी होतात. लग्नाच्या शूटिंगला वर्षानुवर्षं हेच करतात.

बालाघाट
@तेरणाकाठ, आधी झूम विसरा. एनएक्स १०० ची लेन्स वाइडला एफ/२.८ आहे आणि पूर्ण झूमला एफ/४.५ होते. म्हणजे पुरतं झूम केलं की वाइडच्या मानानं जेमतेम चाळीस टक्के उजेड आत येतो. चौकाच्या कडेला बसून झूमनं चेहरे ओढण्यापेक्षा कॅमेरा पुढे न्या. दहा फुटांवरून पूर्ण वाइडला साधारण बारा फूट रुंद आणि सात फूट उंच चित्र मिळतं. त्यात नायक (मुख्य गोंधळी) आणि दोन साथीदार डोक्यापासून पायापर्यंत बसतात. गोंधळाला याहून जास्त लागत नाही. क्लिअर इमेज झूम मेनूतून बंदच करून टाका. तो डिजिटल झूम आहे, त्यात मुंग्याही मोठ्या होतात.

एनडी फिल्टरचं (उजेड कमी करणाऱ्या काचेचं) बटण क्लिअरवर आहे का ते बघा. दिवसा वापरलेला १/४ तसाच राहिला तर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फुकट जातात, आणि रात्री कारण लक्षात येत नाही.

आता आकडे. २५पी (सेकंदाला २५ पूर्ण चित्रं), शटर १/५०, आयरिस (लेन्सची झडप) पूर्ण उघडा, गेन (कॅमेऱ्यातच चित्र उजळवणं) मॅन्युअल. ६ डीबी म्हणजे एक स्टॉप, १८ डीबी म्हणजे तीन. ९ पासून सुरू करा, १२ पर्यंत बिनधास्त जा, अगदीच गरज पडली तर १८. गेनची धास्ती घेऊन काळपट चित्र घ्यायचं आणि नंतर एडिटिंगमध्ये वर ओढायचं, ही सगळ्यात महागातली चूक. हा कॅमेरा ८ बिट नोंदवतो, म्हणजे छटांच्या पायऱ्या मोजक्याच. काळ्यात दडपलेलं वर ओढलं की मुंग्या तर येतातच, वर भिंतीवर पट्टे पडतात. त्यापेक्षा जागेवरच गेन देऊन चेहरा नीट उजळलेला घेणं केव्हाही चांगलं.

शटर १/२५ केलं तर एक स्टॉप मिळतो, पण संबळावरच्या काठ्या पंख्याच्या पात्यासारख्या पुसट दिसतात. घट, समया, बसलेली माणसं यांच्यासाठी १/२५ चालेल. नाचत्या गोंधळ्यासाठी नाही.

ढाळज
@मांजरथडी, हॅलोजनच्या मताशी असहमत. वाड्याचं माळवद धुरानं काळं झालेलं असतं, भिंती मातीच्या किंवा दगडी. उजेड परतायला पांढरं काही सापडतच नाही. मग हॅलोजन थेट मारावा लागतो. तो मारला की दिवटीचा चेहऱ्यावरचा हलता उजेड मरतो आणि दिवटी नुसती हातात धरलेली वस्तू होऊन बसते. तेरणाकाठ यांची अट बरोबर आहे. शिवाय हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टवर चार अँपिअरच्या वर ओढ. जुन्या वाड्याच्या वायरिंगवर रात्रभर तेवढा भार नको.

मांजरथडी
ढाळज, वायरिंगचा मुद्दा मान्य. पण नुसत्या दिवटीवर सोडलं तर ती दुसऱ्या टोकाला गेली की चेहरा पुरा बुडणार. त्याचं काय?

ढाळज
त्यावर उपाय दिवाळीच्या सामानात मिळेल. पांढऱ्या कागदाचा गोल आकाशकंदील, बारा ते चौदा इंची. त्यात ९ वॅटचा वार्म व्हाइट एलईडी बल्ब. जुना पिवळा बल्ब नको, कागद तापतो. कंदील कॅमेऱ्याच्या एका अंगाला, गोंधळ्यांपासून आठेक फुटांवर, जमिनीपासून सात-आठ फूट उंच टांगायचा. उजेड सगळीकडून मऊ येतो, कुणाच्या डोळ्यांत घुसत नाही. दुसरा तसाच कंदील ओसरीच्या खांबामागे, गोंधळ्यांच्या पाठीशी. त्यानं खांदे आणि पागोट्याच्या कडा अंधारातून सुट्या होतात. पहिला कंदील अगदी समोर टांगू नका, चेहरे सपाट होतात.

किती उजेड ठेवायचा? दिवटी चेहऱ्याजवळ असताना आणि लांब गेल्यावर, या दोन्हीत दोन स्टॉपपेक्षा जास्त फरक नको. कंदील जास्त वाटला तर एक पाऊल मागे न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून फूटभर सरकवलं तरी फरक दिसतो.

सिंदफणा
कंदिलाची कल्पना झकास आहे! वाचनखूण साठवली.

काळीमाती
बल्बाबद्दल एक गोष्ट राहिली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. हॅलोजनची तार तापलेलीच राहते म्हणून तिथं ते जाणवत नाही. स्वस्त एलईडीत मात्र ठळक दिसतं. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर हे मिटतं. १/६० ठेवलं की आडवे पट्टे आलेच. कॅमेरा ६०आय वर तर नाही ना, हे मेनूत तपासा. या कॅमेऱ्यात ५० आणि ६० दोन्ही असतात, आणि बाहेरच्या देशातून आलेला नग बरेचदा ६० वर असतो.

आता खरी अडचण, रात्री लाइट जाते आणि जनरेटर लागतो. जनरेटर ५० वर स्थिर राहत नाही. भार कमी असेल तर वर जातो, भार पडला की खाली येतो. समजा ५१ झाला, तर दिव्याची धडधड १०२ होते आणि चित्रात सेकंदाला दोनदा फिकट सावली सरकते. १/५० ला आणि १/१०० ला ती सारखीच मंद असते, पण १/५० ला उजेड दुप्पट मिळतो. म्हणून जनरेटरवर १/५० च ठेवा.

बल्ब घेताना दुकानातच मोबाइलचा कॅमेरा त्याच्याजवळ न्या, प्रो मोडमध्ये शटर १/१००० करा. पट्टे दिसले तर तो बल्ब परत ठेवा.

ज्वारीचं_कणीस
जनरेटरची कटकटच नको. खेड्यात घरोघरी बॅटरीवरचा फवारणी पंप असतो. त्यात बहुतेक १२ व्होल्ट, ८ एएचची बॅटरी असते. सोलरच्या दुकानातून १२ व्होल्ट डीसीचा ९ वॅटचा वार्म बल्ब घ्यायचा आणि त्या बॅटरीवर लावायचा. हिशोबानं ९६ वॅट-तास, म्हणजे कागदावर दहा तास. बॅटरी चांगली असेल तर सात-आठ तास धरून चला. दोन कंदिलांना दोन पंप. लाइट गेली-आली तरी कंदील ढिम्म हलत नाही, आणि डीसीवर ती १०० वाली धडधडही नाही.

एक सांभाळा. या बल्बाची टोपी घरातल्या बल्बासारखीच असते. चुकून २३० च्या होल्डरात गेला तर फट्‌कन उडतो. प्रत्येकावर लाल चिकटपट्टी लावून ठेवा, घरातली लेकरं लावायला जातात.

काळीमाती
ज्वारीचं_कणीस दादा, हे माझ्या प्रतिसादापेक्षा सरस आहे. डीसी असेल तर जनरेटरचा सगळा परिच्छेद वगळला तरी चालेल. ढाळजेतले दोन बल्ब मात्र तपासा किंवा बंद ठेवा.

देवगिरी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा फोटो कॅमेरा) आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स भाड्यानं घ्या. संभाजीनगर, लातूर, नांदेड, कुठंही मिळते. एनएक्स १०० च्या एक इंची सेन्सरच्या सातपटीहून जास्त क्षेत्रफळ, वर लेन्सचा सव्वा स्टॉप. एकूण चार स्टॉप वर मिळतात. १८ डीबीचं काम ० वर होईल.

सिंदफणा
@देवगिरी, चार स्टॉपचा हिशोब बरोबर आहे, पण एफ/१.८ ला तीन मीटरवर फोकसची खोली जेमतेम ४० सेंटीमीटर राहते. गोंधळी एक पाऊल पुढे आला की चेहरा गेला. लेन्स एफ/४ केली तर खोली ९० सेंटीमीटरच्या आसपास होते, पण चारपैकी दोनच स्टॉप उरतात. तेवढ्याच दृश्यकोनाला एनएक्स १०० ची खोली दोन मीटरच्या घरात आहे. नाचणाऱ्या माणसासाठी तीच मोलाची. त्यात जुन्या मिररलेस कॅमेऱ्यांत एक सलग क्लिप अर्ध्या तासाला तुटते, आणि रात्रभर चालवायला तापण्याची भीती वेगळीच. कॅमकॉर्डरला दोन कार्डांची रिले आहे, एक भरलं की दुसऱ्यावर आपोआप जातो.

देवगिरी
खोलीचा मुद्दा पटला. मग मिररलेस दुसरा कॅमेरा म्हणून ठेवावा: घट, समया, बुधलीतून दिवटीवर पडणारं तेल, तुणतुण्यावरची बोटं. ही सगळी दृश्यं जागेवर थांबणारी आहेत, तिथं एफ/१.८ शोभेल.

कवडीमाळ
गोंधळाच्या अंगानं थोडं सांगतो, कारण उजेड कुठं असेल हे विधीवर ठरतं. चौक मांडताना आणि घट बसवताना माणसं खाली वाकलेली असतात, उजेड समयांचा आणि खालून येणारा. तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडचे पाय मिटून अडीच फुटांवर आणा. उभ्या उंचीवरून नुसती डोकी दिसतात. मग देवतांना आवाहन, यात हालचाल भरपूर. दिवटी हातात किंवा शेजारच्याकडं आणि ती फिरती असते. पुढं आख्यान लागलं की नायक बराच वेळ एका जागी उभा राहून सांगतो, साथीदार संबळ-तुणतुण्यावर. चेहऱ्याचे जवळचे शॉट याच वेळी घ्या. शेवटी आरतीला पुन्हा सगळे उभे आणि ताटातल्या ज्योतींचा उजेड समोरून.

दिवटीधारकाशी आधी बोलून ठेवा. दिवटी नायकाच्या तोंडासमोर न धरता एक हात बाजूला, कॅमेऱ्याकडून पाहता थोडी पुढं धरली तर चेहऱ्याची एक बाजू सुंदर उजळते. एवढी विनंती चालते. पण मधेच थांबवून 'पुन्हा करा' म्हणू नका. तो विधी आहे.

पूर्णाकाठ
कुणी आवाजाचं बोललंच नाही! संबळ आणि तुणतुणं एकाच माइकवर ऑटो लेव्हलला ठेवलं तर संबळाच्या प्रत्येक ठोक्याला नायकाचा आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो. एनएक्स १०० ला दोन एक्सएलआर (माइकच्या जोडण्या) आहेत. एकावर नायकाच्या गळ्यातला किंवा जवळचा माइक, दुसऱ्यावर संबळापासून सहा-सात फूट लांबचा. दोन्ही मॅन्युअल. संबळाचा सगळ्यात जोरकस ठोका उणे १२ डीबीच्या आसपास, उणे ६ च्या वर कधीच नको.

कवडीमाळ
+१. नायकाच्या छातीवर कवड्यांची माळ असते. माइक तिच्याखाली लावला तर रात्रभर खुळखुळ ऐकू येईल. गळ्यापाशी, माळेच्या वर लावा.

बालाघाट
फोकसचं अर्धवट राहिलं होतं. अंधारात ऑटोफोकसला पकडायला कडा मिळत नाही, म्हणून तो शोधत फिरतो, आणि ज्योत दिसली की तिलाच धरतो. मॅन्युअल करा. नायक उभा राहणार तिथं कुणाला तरी उभं करा, पूर्ण झूम करून पागोट्याच्या काठावर किंवा कवड्यांवर फोकस लावा, मग झूम वाइडला परत आणा. पीकिंग (फोकसमधल्या कडांवर दिसणाऱ्या रंगीत रेषा) लाल नको, सगळीकडं कुंकू आणि ज्योत असल्यानं लाल रेषा हरवतात. पांढरं किंवा पिवळं ठेवा. जमिनीवर खडूची छोटी खूण करा. माणूस खुणेच्या आसपास आहे तोवर फोकसला हात लावायचा नाही.

एलसीडीचा उजेड वाढवू नका. रात्री डोळे अंधाराला सरावलेले असतात, पडद्यावर सगळं छान दिसतं आणि घरी आल्यावर चित्र काळं निघतं. विश्वास झेब्रावर (ठरवलेल्या उजळतेला पडद्यावर उमटणारे पट्टे) आणि हिस्टोग्रामवर (उजळतेचा आलेख). झेब्रा ७० वर ठेवा. दिवटीच्या बाजूचा गाल ७० च्या थोडा खाली असावा. ज्योत फुटणारच, तिला फुटू द्या.

गेनच्या एल-एम-एच स्विचवर ६, १२, १८ बसवून ठेवा. लाइट गेली तर मेनूत न शिरता एका बोटानं सावरता येतं.

ढाळज
व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग) ऑटोवर नको, दिवटी फिरेल तसा अख्खा चौक निळा-पिवळा होत राहतो. तेलाच्या ज्योतीचा रंग २००० केल्विनच्या जवळपास असतो. दिवटीसमोर पांढरा कागद धरून बॅलन्स करू नका, ज्योत पांढरी होते, कंदील निळे होतात आणि रात्रच निघून जाते. ३२०० वर पक्का करा.

मांजरथडी
लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा. दिवटी चित्रात आली की फिल्टरच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडतं आणि चित्राच्या विरुद्ध कोपऱ्यात हिरवट उलटी ज्योत हलताना दिसते. ती नंतर काढता येत नाही. दिवटीचा धूर तेलकट असतो, दर तासाला लेन्स बघा. आधी ब्लोअर, मग लेन्सचं द्रावण टाकून कापडानं पुसा. कोरडी पुसली की तेल पसरतं आणि प्रत्येक ज्योतीभोवती धुकट वलय दिसतं. जागरणात भंडारा उधळतात तिथंही आधी ब्लोअरच.

तेरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन कंदील आणि एका पंपाच्या बॅटरीवर चाचणी घेतली: १२ डीबी, १/५०, ३२०० केल्विन. मुंग्या आटोक्यात, फोकस पक्का. पण दिवटी जवळ आली की चेहरा नारिंगी थापल्यासारखा सपाट होतो. नाकाची, सुरकुत्यांची रेष दिसत नाही. गालावर झेब्रा मात्र उमटत नाही, उजळता ६०-६५ च, म्हणजे एक्सपोजर बरोबर असायला पाहिजे. कुंकवाचा मळवटही चेहऱ्यात मिसळून जातो. हे काय होतंय?

देवगिरी
एक्सपोजर जास्त झालंय. आयरिस बंद करा.

ढाळज
थोडं थांबा, दुरुस्ती माझ्याच प्रतिसादात करायला हवी. झेब्रा मोजतो ती उजळता, आणि एचडीच्या उजळतेत लाल रंगाचा वाटा फक्त २१ टक्के असतो. ज्योतीच्या उजेडात लाल चॅनल शंभराला टेकलेला असतो, हिरवा मधे, निळा तळाला. म्हणून उजळता ६० दिसते, पण लाल फुटलेला असतो. सगळा तपशील ज्या रंगात होता तोच गेला, म्हणून चेहरा थापल्यासारखा. कुंकू त्याहून लाल, ते तर आधीच हरवतं.

नुसती आयरिस बंद केली तर अंधारी बाजू पुन्हा मुंग्यांत जाईल. तीन गोष्टी थोड्या थोड्या करा. व्हाइट बॅलन्स ३२०० वरून २७०० च्या आसपास आणा, त्यानं लाल चॅनल खाली येतो आणि ज्योत तरीही उबदार राहते. पिक्चर प्रोफाइलमध्ये सॅच्युरेशन दोन-चार पायऱ्या कमी करा, डिटेलही कमी करा, कारण डिटेल मुंग्यांनाच धार लावतं. आणि दिवटीच्या बाजूचा गाल ७० ऐवजी ५५ च्या आसपास थांबवा. मळवटाच्या कडा कपाळावर स्पष्ट दिसल्या की समजा जमलं.

तेरणाकाठ
२७०० केल्विन, गाल ५५ च्या आसपास, सॅच्युरेशन उणे ४. मळवट दिसतोय! सुरकुत्याही दिसतात. ढाळज, तुमचे विशेष आभार. आता दोनच शंका: कार्ड किती लागतील, आणि उरलेल्या मुंग्या नंतर काढाव्यात का?

सिंदफणा
एक्सएव्हीसी एस ५० एमबीपीएसवर घ्या, एव्हीसीएचडीवर नको (दोन्ही कॅमेऱ्यातले रेकॉर्डिंगचे प्रकार). मुंग्या म्हणजे कोडेकसाठी (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या पद्धतीसाठी) हलणारा तपशीलच. २८ एमबीपीएस त्यात संपतात आणि अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात. ५० एमबीपीएसला तासाला साडेबावीस जीबी, आठ तासांना १८०. १२८ जीबीची दोन कार्डं रिलेवर लावा, बदलायची वेळच येणार नाही.

मुंग्या काढायला 'नीट व्हिडिओ' (Neat Video) हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्याला नमुना लागतो. म्हणून गोंधळ सुरू व्हायच्या आधी, गेनच्या तिन्ही जागांवर एकेक करून, सपाट रंगाची भिंत पाच-पाच सेकंद थोडी आउट ऑफ फोकस घेऊन ठेवा. काढताना साठ-सत्तर टक्केच काढा. पूर्ण काढल्या तर चेहरे मेणाचे होतात आणि काळोखात पट्टे उमटतात. यूट्यूबवर टाकणार असाल तर एचडी फाइल ४के करून चढवा, अंधाऱ्या चित्राला तिथं जास्त बिटरेट मिळतो.

ज्वारीचं_कणीस
दुसऱ्या पंपाची बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, आणि ज्याचा पंप असेल त्याला विचारून ठेवा. हरभऱ्यावर घाटेअळी असली तर पहाटेच फवारणीला न्यावा लागतो.